माझ्या कार्डावर गेलेला भाऊ

घर सोडलं त्या सकाळी मी रस्त्याने गेलोच नाही. भात कमरेला लागत होतं, बांध निसरडे झाले होते, आणि मी चपला हातात घेऊन बांधाबांधाने खाली ओहोळापर्यंत गेलो. आईने बजावलं होतं, "रस्त्याने नको जाऊ. रस्त्याने हवालदार येतील." पिशवीत दोन शर्ट, एक पॅन्ट, चार नाचणीच्या भाकरी, सुकटीची चटणी आणि माझ्या धाकट्या भावाचं, दिनेशचं, आधार कार्ड होतं. बाबा अंगणात दोर वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. मीही मागे वळून बघितलं नाही, पण ते काही मन घट्ट होतं म्हणून नाही. बांधावरून पडलो असतो.

ओहोळ ओलांडून टेकडीपलीकडे उतरलं की कासाला जाणारी जीप मिळते. तलासरीला जाणं सोपं होतं, पण तलासरीत मला ओळखणारे फार. कासाहून नाशिकची एसटी, नाशिकहून पुण्याच्या गाडीने चाकण. चाकणच का, तर तिथे आमच्याकडचं कोणी नव्हतं. माणूस परगावी जाताना ओळखीचं कोणी आहे का ते बघतो, मी उलटं बघत होतो.

मी भित्रा माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमची चिडचिड होणार नाही. पाड्यावरचे तुम्ही सगळे मला ओळखता आणि माझी भीतीही ओळखता. विहिरीत सगळ्यांच्या शेवटी उडी मारणारा मीच. आणि जे माझ्यासारखे घर सोडून कोणी वापीला, कोणी सुरतेला, कोणी आखातात गेलेत, त्यांना सांगतो की यातली माणसांची नावं खरी नाहीत आणि पाड्याचं नाव मी लिहिलेलंच नाही. भित्रा आहे, मूर्ख नाही. माझं नाव विलास आहे असं धरून चला.

आमच्याकडे आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, घरटी एक माणूस जातो. आज तुमच्या शेतावर, उद्या माझ्या. कोणत्या घरातून कोण आलं हे कोणी विचारत नाही. भाऊ आजारी असला तर बहीण येते, बहिणीला जमत नसेल तर बाप येतो. "त्यांच्या घरचं माणूस आलं" म्हटलं की झालं. ही रीत इतकी अंगात मुरलेली आहे की बोटीवर जातानाही आम्ही तीच लावतो. नारळी पौर्णिमा झाली की झाईचे, डहाणूचे लोक आणि त्यांच्याबरोबर आम्ही डोंगराकडचे शेतकरीसुद्धा गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातो, वेरावळला, ओख्याला. पिढ्यान् पिढ्या नाचणी लावणाऱ्यांनी समुद्रात काय करायचं, असं तुम्ही म्हणाल. पण आवणी झाली की शेतात काम नसतं आणि बोटीवर असतं. तीन हंगाम मी गेलो. तिन्ही हंगाम मला उलट्या झाल्या, तो भाग वेगळा.

चौथ्या हंगामाला जायच्या आठवडाभर आधी मला कावीळ झाली. तांडेलाला, म्हणजे बोटीवरच्या मुख्याला, मी येतो म्हणून शब्द दिला होता. दिनेश म्हणाला, "दादा, तू पडून राहा. तुझ्या कार्डावर मी जातो." त्याच्या स्वतःच्या कार्डावर जन्माचं साल चुकलेलं होतं. चोवीस वर्षांचा बाप्या त्यावर शाळकरी पोर दिसायचा, बंदरावर त्याला कोणी बोटीवर चढू दिलं नसतं. ते दुरुस्तीला टाकलं होतं. आणि माझ्या कार्डावरचा फोटो असा, की तो मी आहे, दिनेश आहे की आमचा मामा आहे हे देवालाही सांगता आलं नसतं. बाबांना यात काही वावगं वाटलं नाही. "घरचं माणूस गेलं म्हणजे झालं," ते म्हणाले. मीच ते कार्ड पेटीतून काढलं, भिजू नये म्हणून दोन पिशव्यांत गुंडाळलं आणि त्याच्या हातात दिलं.

त्याचं दुरुस्त झालेलं कार्ड पोस्टाने आलं तेव्हा दिनेश कराचीत होता.

समुद्रात रेघ नसते. हे पेपरात इतक्या वेळा छापून येतं की आता कोणाला त्याचं काही वाटत नाही. पण मी तीन हंगाम त्या पाण्यावर काढलेत. जाळं टाकलेलं असतं, बोट वाऱ्याने सरकत असते, तांडेल मासळी दाखवणाऱ्या मशीनवर बघत असतो आणि मासळी जिकडे असते तिकडे सगळ्यांचं मन ओढत असतं. पहिल्याच हंगामात आम्हाला शिकवतात की तिकडची बोट जवळ आली तर पळायचं नाही, हात वर करून खाली बसायचं आणि नाव विचारलं तर कार्डावरचं सांगायचं. दिनेशला हे मीच घरी बसून शिकवलं होतं. माझ्यासमोर त्याने हात वर करून बसूनही दाखवलं, आणि आम्ही दोघं हसलो.

बोट धरल्याची बातमी आली, मग काही दिवसांनी पेपरात नावं आली. त्यात माझं नाव होतं, बाबांचं नाव, वय, गाव, तालुका तलासरी. खालच्या घरची मावशी रडत रडत आमच्या अंगणात आली, "विलास गेला गं पकडून," आणि मी ओट्यावर बसून पेज पीत होतो. तिने माझ्याकडे बघितलं, तिचं रडणं मध्येच थांबलं, आणि तिने मला विचारलं, "मग कोण गेलं?" आता हे सांगताना हसू येतं. त्या दिवशी आम्हाला सगळ्यांना घाम फुटला होता.

आमच्या गावचे पोलीस पाटील सोनूकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. कागदपत्रांतलं त्यांना कळतं. त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. कैदी सुटायचा असेल तर आधी इकडच्या सरकारने "हा माणूस आमचा" असं लिहून द्यावं लागतं. त्यासाठी पोलीस ठाण्यातून माणूस घरी येतो, चौकशी करतो, कागद बघतो. ते म्हणाले, "तिकडे त्याने विलास सांगितलंय. हवालदार इथे येणार आणि विचारणार, विलास कुठे आहे. विलास इथे पेज पीत बसलाय असं त्यांनी लिहिलं, की दिल्ली तिकडे कळवणार, हा आमचा माणूस नव्हे. मग तिकडचे म्हणणार, खोटं नाव लावून समुद्रातून आला, त्यांचाही नाही, आमचाही नाही, तर हा कोण? तसल्या माणसाला मासेमारांच्या बराकीत ठेवत नाहीत."

"मग कुठे ठेवतात?" आईने विचारलं.

सोनूकाकांनी चंचीतून तंबाखू काढली आणि ते मळत बसले. तेव्हापासून आमच्या घरात ती भीती राहायला आली. खरं सांगितलं तर दिनेश हेर ठरतो आणि खोटं उघडं पडलं तरी दिनेश हेर ठरतो. वाट एकच होती, खोटं खरं व्हायला हवं होतं. विलास पकडला गेलाय. दिनेश बाहेरगावी कामाला आहे. आणि मी, जो विलास म्हणून साऱ्या तलासरीच्या बाजारात माहीत होतो, ज्याला त्याच हवालदारांनी निवडणुकीच्या बंदोबस्तात नाव विचारून पाणी मागितलं होतं, त्याने घरात दिसायचं नाही. पाड्यावरच्या एकाही माणसाला हे सांगावं लागलं नाही. तुम्ही सगळे आपणहून गप्प झालात, पोरंसोरंसुद्धा. त्याबद्दल तुमचे आभार कसे मानायचे ते मला अजून कळलेलं नाही.

तर असा मी बांधावरून उतरून चाकणला आलो आणि दिनेश झालो.

गोडाऊनमध्ये गाड्यांचे सुटे भाग खोक्यांत भरायचं काम. ठेकेदाराने कार्डाची झेरॉक्स घेतली, गेटपास दिला, शिफ्ट सांगितली. पहिले पंधरा दिवस सुपरवायझर "दिनेश, दिनेश" म्हणून ओरडायचा आणि मी आपला खोक्यांना टेप लावत असायचो. त्याला वाटलं मला ऐकायला कमी येतं. मग तो माझ्याशी हातवारे करून बोलायला लागला आणि मीही ते चालू दिलं, कारण बहिऱ्या माणसाला कोणी फार प्रश्न विचारत नाही. खोलीवर आम्ही चौघं होतो. त्यातला लातूरकडचा बालाजी माझ्याशी जीव लावून वागायचा, तापात त्याने मला खिचडी करून घातली. त्याला मी सांगितलं होतं की माझा मोठा भाऊ दुबईला आहे. "फोन करत नाही का रे तो?" तो विचारायचा. मी म्हणायचो, बिझी असतो.

गावाकडे मी पेपर फक्त वडे गुंडाळलेला वाचायचो. चाकणला मी बातम्यांचा किडा झालो. दोन देशांचं कसं चाललंय हे मला आमच्या सुपरवायझरच्या मूडपेक्षा जास्त कळायचं. कुठल्या परिषदेत दोघांचे मंत्री एकाच खोलीत बसले, एकमेकांकडे बघून हसले का, क्रिकेटची मॅच खेळणार की नाही, याच्यावर माझी भूक ठरायची. कारण मासेमार सुटतात ते असंच. दोन शेजाऱ्यांचं पटत असलं की फराळाचं ताट इकडून तिकडे जातं, तिकडून इकडे येतं. बिनसलं की ताट घरातच राहतं. त्यांचे मासेमार आपल्याकडे, आपले त्यांच्याकडे, आणि सणासुदीला थोडे थोडे सोडायचे. गुन्हा सगळ्यांचा सारखाच, शिक्षाही केव्हाच भोगून झालेली. सुटका मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर.

दिनेशचं एक पत्र आलं. कैद्यांची पत्रं महिनोन् महिने फिरत येतात. बाबांनी शेजारच्या पोराकडून पत्राचा फोटो काढून माझ्या फोनवर पाठवला. अक्षर दिनेशचं होतं. लिहिलं होतं, "आई, मी विलास. मी बरा आहे. इथे आपल्या बाजूचे बरेच आहेत. दिनेशची कावीळ उतरली का? त्याला म्हणावं, ताडी पिऊ नको आणि माझी काळजी करू नको, मी माझं नाव विसरलेलो नाही." गोडाऊनच्या मागे पाण्याच्या टाकीशी उभं राहून मी ते वाचलं आणि ढसाढसा रडलो. त्या वेड्याला सगळं कळलं होतं. कोणी न सांगता तो तिकडे नीट विलास होऊन बसला होता, आणि वर माझ्या ताडीवर नजर ठेवून होता.

मग एक दिवस सोनूकाकांचा फोन आला. चौकशी पुरी झाली, कागद दिल्लीला गेले, पुढच्या तुकडीत विलासचं नाव असेल असं ठाण्यातून कळलं. आईने घर सारवलं. बाबांनी कौलं शाकारायला काढली, त्या वेळी गरज नसताना. मी सुपरवायझरला सुट्टी मागून ठेवली आणि त्याला जरा जास्तच नीट ऐकू आल्यासारखं उत्तर दिलं.

मग उन्हाळ्यात काश्मिरात फिरायला गेलेली माणसं मारली गेली. ते वाचून मलाही सगळ्यांसारखाच संताप आला, त्यांच्या बायकांचे फोटो बघून घास उतरेना. पण संतापाच्या मागोमाग, दोन मिनिटांतच म्हणा ना, दुसराच विचार आला. आता सीमेवरचं फाटक बंद होणार, सुटलेले मासेमार त्यातूनच घरी येतात. आणि तसंच झालं. सीमेवरचं फाटक बंद झालं, व्हिसा बंद झाले, इकडचे इकडे, तिकडचे तिकडे. मग दोन आठवड्यांनी लढाई पेटली.

ते चार दिवस मी कसे काढले ते सांगतो, आणि हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आमच्या कॅन्टीनमध्ये टीव्ही आहे. दुपारच्या जेवणाला शंभरेक माणसं बसलेली. एका चॅनेलवर बाई ओरडून सांगत होती की कराचीचं बंदर पेटलं. कॅन्टीनमध्ये एकच जल्लोष झाला. बालाजीने माझ्या पाठीवर थाप मारली, "बघ दिन्या, उडवलं एकदाचं." सगळे टाळ्या वाजवत होते. माझ्या ताटात वरणभात होता. त्या बंदरापासून तुरुंग किती लांब आहे ते मला माहीत नव्हतं. बराकीला पत्रा आहे की स्लॅब, तेही माहीत नव्हतं. आजूबाजूच्यांनी माझ्याकडे बघितलं असं मला वाटलं. आणि मी टाळ्या वाजवल्या. माझा भाऊ तिथे असताना मी टाळ्या वाजवल्या, कारण मला भीती वाटली की नाही वाजवल्या तर कोणीतरी विचारेल, का रे? ती बातमी खोटी होती हे नंतर कळलं. टाळ्या मात्र खऱ्या होत्या.

बालाजीचा यात काही दोष नाही. त्याचा मावसभाऊ फौजेत आहे, तोही त्या चार दिवसांत झोपला नव्हता. मी त्याला खरं सांगितलं असतं तर तो मला मिठी मारून रडला असता, मला खात्री आहे. तरीही नाही सांगितलं. कधी कोणाला राग येईल, कोण कोणाला काय बोलून जाईल, आणि ते दिल्लीच्या कुठल्या कागदावर जाऊन बसेल, काय सांगावं.

लढाई चार दिवसांत थांबली, पण भांडण काही थांबलं नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की तोफा थांबल्या म्हणजे मिटलं. आमच्यासारख्यांचं खरं तिथून पुढे सुरू होतं. तुकड्या सुटणं बंद. पत्रं बंद. सोनूकाका ठाण्यात विचारायला गेले की तिथले त्यांना चहा पाजायचे आणि "वरून काही नाही" म्हणायचे. आमच्या पाड्यापासून ती सीमा किती लांब, आमच्यातल्या कोणी ती पाहिलेली नाही. पण तिथलं फाटक बंद झालं आणि आईचं जेवण अर्ध्यावर आलं.

थंडी सुरू झाली तेव्हा एका सकाळी बाबांचा फोन आला. आपल्या बाजूचा एक खलाशी तिकडच्या तुरुंगात वारला. नाव अजून कळलं नाही. मी शिफ्टवर होतो. त्या दिवशी मी किती खोकी भरली, त्यांत काय भरलं, मला ठाऊक नाही. एकच डोक्यात फिरत होतं. तो दिनेश असला तर कागदावर मी मेलो. त्याचं मला काही नव्हतं, कागदावर मरायला मी तयारच होतो. पण मग दिनेशचं काय? तो कुठेच मेला नसता. दाखल्यावर विलास, पेपरात विलास, आणि दिनेश चाकणला गोडाऊनमध्ये खोकी भरतोय. माझा भाऊ मेल्याचं जगात कुठे लिहिलंसुद्धा गेलं नसतं, आणि ते मीच केलं असतं, एक कार्ड दोन पिशव्यांत गुंडाळून.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाव कळलं. झाईकडचा माणूस होता, दिनेशच्या बोटीवरचा नव्हे. माझ्या तोंडून पटकन निघालं, "बरं झालं." एका घरात हंबरडा फुटला होता आणि मी बरं झालं म्हणालो.

त्याचा देह आणायलाही फाटक उघडं हवं होतं. किती आठवडे लागले. शेवटी तो आला तेव्हा मी सुट्टी टाकून झाईला गेलो. मला तिथे कोणी ओळखत नव्हतं, मी लोकांत मागे उभा राहिलो. किनाऱ्याकडे तोंड करून बायका बसल्या होत्या. त्याची बायको रडून रडून थकली होती आणि आता शांतपणे शेजारणीशी बोलत होती. "नाव बरोबर आलं," ती म्हणाली. "मला सारखी भीती, की दुसऱ्याच कोणाला पाठवतील. पण नाव बरोबर होतं, आणि चेहराही त्यांचाच होता." ती ते समाधानाने सांगत होती. मी तिथून निघालो तो थेट घरी, आणि या वेळी रस्त्याने.

घरी जाऊन मी आईबाबांना सांगितलं की आता बस्स. मी उद्या ठाण्यात जाऊन खरं सांगतो. मला आत टाकतील तर टाकू देत, पण दिनेश तिथे दिनेश म्हणून असू दे. जगला तरी आणि... बाबा म्हणाले, "त्याचं नाव त्याला दिलं पाहिजे, हे खरं आहे." आई वाल निवडत होती. सोनूकाकांना बोलवायचं ठरलं. ते येईपर्यंत दोन दिवस गेले, होळी तोंडावर आलेली, माणसं बोटींवरून परतत होती, पाड्यावर गडबड. आणि सोनूकाका आले ते एका जीपमधून, बरोबर दोन साहेब घेऊन.

नवीन माणसं होती, आधीच्या हवालदारांची बदली झालेली. लढाईनंतर सगळ्या कैद्यांची चौकशी पुन्हा करायची असं वरून आलं होतं, जुने कागद चालणार नव्हते. त्यातला तरुण साहेब अदबीने बोलत होता, आईला "मावशी" म्हणत होता. या वेळी फोटो होता, आणि चांगला स्पष्ट होता. त्याने तो आईच्या हातात दिला.

मी तिच्या खांद्यावरून बघितलं. समोरचा एक दात गेलेला. कानशिलावर पांढरे केस. सत्तावीस वर्षांच्या माणसाला कानशिलावर पांढरे केस. पण डोळे दिनेशचे, काहीतरी खोडी करून आल्यासारखे. आईने त्याच्या गालावर अंगठा फिरवला.

"मावशी, नीट बघा. हा तुमचा मुलगा आहे?"

"हो."

"नाव काय याचं?"

सोनूकाका जमिनीकडे बघत होते. मी दोन दिवस घोकून ठेवलं होतं काय बोलायचं ते. साहेब, एक चूक झाली आहे, असं सुरू करायचं होतं. माझं तोंड उघडलंसुद्धा.

"विलास," आई म्हणाली. "माझा थोरला."

"आणि हे?"

"हा धाकटा, दिनेश. पुण्याकडे कामाला असतो. भावासाठी आलाय."

तिचा आवाज हललासुद्धा नाही. माझी आई, जी तलासरीच्या बाजारात दुकानदाराशी घासाघीस करतानाही लाजते. साहेबाने कागद माझ्यापुढे केला, "भाऊ म्हणून इथे सही करा." मी सही केली. दिनेशची सही मला इतकी सफाईने येते हे माझं मलाच नवं होतं. साहेबाने बाबांचा अंगठा घेतला, कागद फाइलमध्ये ठेवले आणि जाताना म्हणाला, "आमच्याकडून उद्याच जातं हे. पण मावशी, फाटक उघडणं आमच्या हातात नाही." आई म्हणाली, "माहीत आहे, बाबा."

जीप वळणाआड गेली. सोनूकाकाही गेले. घरात आम्ही तिघंच राहिलो. मला आईचा राग आला होता, आणि सुटल्यासारखंही वाटत होतं, आणि त्या सुटल्यासारख्या वाटण्याची लाज. चाकणला इतके दिवस मी एकाच आशेवर काढले होते, की जगाच्या पाठीवर एक घर आहे जिथे गेलं की मी विलास असतो. बाहेर दिनेश म्हणवून घ्यायचं बळ त्यातूनच येत होतं.

आईने चुलीवरून भाकरी उतरवली. तीन थाळ्या मांडल्या.

"दिनेश," ती म्हणाली, "हात धू. जेवायला बस."

मला वाटलं, मघाचं तोंडात राहिलं असेल, आता हसेल. ती हसली नाही. बाबांनी आपली थाळी पुढे ओढली. मी म्हणालो, "आई, आता कोणी नाही इथे."

"तू विलास झालास तर तिकडे बसलाय तो कोण?" ती म्हणाली. "तो येऊ दे. मग दोघांनी आपापली नावं घ्या. तोवर या घरात विलास नाही. एकदा जरी जीभ घसरली, एकदा जरी कोणी ऐकलं, तर तो गेला."

बोलता बोलता ती दाराशी गेली आणि बाहेर कोणी ऐकतंय का ते बघून आली. साहेबापुढे जिचा आवाज हलला नव्हता ती माझी आई. इतकी वर्षं मला वाटत होतं की घरात सगळ्यात घाबरट मी आहे.

आमच्याकडे जेवायला बसायच्या जागा ठरलेल्या आहेत. माझी भिंतीशी, दिनेशची दाराजवळ. मी हात धुतले आणि दाराजवळ बसलो.